तीन हत्ती, तीन खण

प्राण्यांच्या रोमन चांदीच्या नाण्यांचा ट्रे या महिन्यात नव्याने लावला. आतापर्यंत हत्ती हत्तींजवळ, बैल बैलांजवळ असा क्रम होता. आता प्राणी नाण्यावर कशासाठी आला, त्यानुसार खण केले आहेत.

हे सुचलं रोमन सेनापती मेटेलस पायसच्या इ.स.पू. ८१ च्या डिनेरियसमुळे, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्यामुळे. मागच्या बाजूला गळ्यात घंटा बांधलेला हत्ती आहे. याच घराण्यातल्या लुसियस मेटेलसने इ.स.पू. २५० मध्ये पानोर्मसला, म्हणजे आजच्या पालेर्मोला, कार्थेजचं सैन्य हरवून त्यांचे हत्ती पकडले. तेव्हापासून हत्ती ही मेटेलसांची खूण झाली. पण माझा जीव जडलाय तो दर्शनी बाजूवर. तिथे पिएटास, म्हणजे कर्तव्यनिष्ठेच्या देवीचा चेहरा आणि समोर एवढासा करकोचा. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणारा पक्षी अशी त्याची ख्याती. हद्दपार वडिलांना परत आणण्यासाठी मेटेलस पायसने जिवाचं रान केलं, म्हणून तर तो ‘पायस’, म्हणजे कर्तव्यनिष्ठ. पूर्वजांचा पराक्रम हत्ती सांगतो, मुलाची माया करकोचा. तेही चार ग्रॅमपेक्षा कमी चांदीत! घेताना आधी करकोचा शाबूत आहे का ते बघा. ठसा जरा सरकला की तो कडेबाहेर जातो.

सीझरचा हत्ती (इ.स.पू. ४९-४८) राजकारणाच्या खणात. त्याच्या पायाखाली साप आहे की गॉल लोकांचं रणशिंग, यावर जाणकारांत अजून वाद आहे. मला स्वतःला साप पटतो. सम्राट टायटसचा इ.स. ८० चा हत्ती कोलोसियमच्या उद्घाटनाच्या खेळांशी जोडला जातो, म्हणून तो खेळांच्या खणात.

पॅपियसच्या नाण्यावरचा ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी (इ.स.पू. ७९), लानुवियम गावच्या खणात गेला, कारण दर्शनी बाजूला तिथली बकऱ्याचं कातडं पांघरलेली जुनो सोस्पिता देवी आहे. कड दातेरी. दोन्ही बाजूंना एकमेकांशी जुळणाऱ्या वस्तूंच्या छोट्या खुणा असतात. अशा दोनशेच्या आसपास जोड्या ठाऊक आहेत. सगळ्या जमवणं एका जन्माचं काम नाही, पण अवजारांच्या जोड्या मी शोधतोय.

खेळांच्या खणात एक जागा मोकळी ठेवली आहे, सम्राट फिलिपची पत्नी ओटासिलिया सेवेरा हिच्या नाण्यावरच्या पाणघोड्यासाठी. रोमची हजार वर्षं साजरी झाली तेव्हाचं, इ.स. २४८ चं नाणं. चांदी कमी, पण पाणघोडा काय सुरेख! खाली टांकसाळीच्या चौथ्या विभागाच्या चार उभ्या रेघा असतात. त्या चारही स्पष्ट दिसतील असा नमुना मिळेपर्यंत थांबणार आहे.