साकव नक्की कुणाचा?

राजापूर तालुक्यातली दोन शेजारची गावं, नावं नको घ्यायला. सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळपठारावरची कातळशिल्पं, मधली देवराई आणि खाली समुद्र असं सगळं जोडणारी पायवाट आखायचं काम आमच्याकडे आलेलं. २०२२ ला कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली ना, तेव्हापासून इकडे प्रत्येक गावाला पर्यटक हवाय. वाट नवीन काढायची गरजच नव्हती, जुनी पाखाडी आहेच, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूला दगडी गडगे, वर सड्यावर पोचलं की सप्टेंबरात सीतेची आसवं आणि तेरडा असा फुललेला की काम सुचत नाही. फक्त मधल्या व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा साकव, पायी जायचा छोटा पूल, पावसात वाहून गेलेला.

आता तो कुणी बांधायचा, म्हणून दोन्ही सरपंचांना व्हाळावरच बोलावलं, सोबत दोन्हीकडचे ग्रामसेवक आणि त्यांची २३ नंबरची रजिस्टरं. गावातले रस्ते, पाखाड्या त्यात नोंदवतात, आणि नोंद नसेल तर सरकारी पैसा पडणं कठीण. गडग्यावर प्लास्टिक टाकून दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीकडे पाखाडी 'व्हाळापर्यंत', रुंदी ४ फूट. दुसरीकडे तीच पाखाडी, नाव वेगळं, रुंदी ६ फूट, आणि तीपण 'व्हाळापर्यंत'. म्हणजे साकव कागदावर कुणाचाच नाही!

मला हसू आलं, बाकी कोणी हसलं नाही.

"आमची हद्द हितं संपते सायेब."

"मग आमची काय पाण्यात सुरू होते काय?"

तालुक्याच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवरच्या नकाशात वाटेची हिरवी रेघ कशी सलग दिसते, सगळे माना डोलवतात, पण हद्द म्हणजे काय ते असं व्हाळात उभं राहिल्यावरच कळतं. त्यात एकाने जमीन महसूल कायद्याचं कलम १४३ काढलं, तहसीलदाराकडे अर्ज करूया म्हणे. अरे ते शेतकऱ्याला बांधावरून स्वतःच्या शेतात जायला वाट मिळावी म्हणून आहे, मुंबई-पुण्याच्या ट्रेकरसाठी नाही. हे समजावण्यातच चहा गार झाला.

शेवटी एक तात्या, इतका वेळ गप्प बसलेले, म्हणाले की जुन्या साकवाला माड पलीकडच्या गावचे लागलेले आणि चिरे त्यांच्या स्वतःच्या गावचे, शिमग्याला दोन्ही पालख्या ह्याच्यावरनंच जायच्या, तेव्हा कोणी वही नाय बघितली. मग जरा आवाज खाली आले. ठरलं असं की साकव अख्खा एका ग्रामपंचायतीने आपल्या २३ नंबरला घ्यायचा, दुसरीने ग्रामसभेत ना-हरकत ठराव द्यायचा, आणि पावसानंतरची बेणणी, म्हणजे वाटेवरचं गवत-झुडपं काढणं, एक वर्ष ह्यांनी, एक वर्ष त्यांनी. ठराव दोन्हीकडे झाले, प्रस्ताव पंचायत समितीत आहे.

अडलंय ते बोर्डावर. वर नाव आधी कुणाच्या गावाचं? म्हणून आता दोन बोर्ड करतोय, व्हाळाच्या दोन्ही काठांवर एकेक, ज्याच्या हद्दीत त्याचं नाव वर. खर्च डबल, पण परवडला.