अटक ओलांडून अजमल खट्टकांच्या गावात

ऑफिसच्या कामाने इस्लामाबादला राहणं झालं तेव्हा एक रविवार मोकळा मिळाला आणि मी अकोरा खट्टक, म्हणजे पश्तो कवी आणि राजकारणी अजमल खट्टक यांचं गाव, गाठायचं ठरवलं. जीटी रोडने पेशावरकडे निघालं की आधी अटक लागतं. राघोबादादांमुळे शाळेपासून ऐकलेलं नाव! किल्ला लष्कराच्या ताब्यात, आत सोडत नाहीत, पण खाली नदी मस्त दिसते, काबूल नदीचं गढूळ पाणी आणि सिंधूचं निळसर पाणी बरंच लांबपर्यंत शेजारी शेजारी वाहत जातं, मी तर बघतच राहिलो.

पूल ओलांडला की पख्तुनांचा मुलूख सुरू आणि थोड्याच वेळात अकोरा खट्टक. हे खुशालखान खट्टकचं गाव, म्हणजे आपले महाराज इकडे औरंगजेबाशी झुंजत होते त्याच काळात तिकडे त्याच बादशहाविरुद्ध तलवार आणि लेखणी दोन्ही चालवणारा माणूस. याच गावात १९२५ साली अजमल खट्टक जन्मले. शाळेत असतानाच चले जाव चळवळीत उतरले, पुढे पत्रकारिता केली, पश्तो कविता लिहिल्या आणि पख्तून नेते वली खान यांच्या नॅशनल अवामी पार्टीचे सरचिटणीस झाले. २३ मार्च १९७३ ला रावळपिंडीच्या लियाकत बागेत विरोधी पक्षांच्या सभेवर गोळीबार झाला, कार्यकर्ते गेले, आणि त्यानंतर हे काबूलला निघून गेले ते थेट १९८९ ला परतले. सोळा वर्षं! आणि परत आल्यावर १९९० ला खासदार.

त्यांची 'जन्नत' ही कविता मला फार आवडते. स्वर्ग म्हणजे काय असं कवी एकेकाला विचारत जातो. मुल्ला दाढीवरून हात फिरवत फळं आणि दुधाच्या नद्या सांगतो, खानाला सजवलेले महाल हवेत, आणि फाटक्या कपड्यातला मजूर म्हणतो पोटभर जेवण आणि गाढ झोप. आमच्या ड्रायव्हर खानसाहेबांना ती पश्तोत तोंडपाठ होती, मजुराच्या ओळीला त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला.

याच रस्त्याला लागून हक्कानिया मदरसा आहे, अनेक तालिबानी नेते तिथे शिकले. अजमल खट्टक २०१० च्या फेब्रुवारीत गेले, याच गावात दफन केलं, आणि २०१२ ला त्यांच्या मजारीवर बॉम्बस्फोट झाला. कवीच्या थडग्याशी कसलं वैर असतं? मला तिथे उभं राहून खूप राग आला, खरंच.

नंतर चहाला थांबलो तर खानसाहेब वेगळ्याच कारणाने चिडलेले. २००० साली अजमल खट्टकांनी लष्करशहा मुशर्रफची भेट घेतली, अवामी नॅशनल पार्टी (वली खानांचाच नंतरचा पक्ष) सोडून वेगळा पक्ष काढला, हे त्यांना अजून पटलेलं नाही. मी म्हटलं खानसाहेब, ते परत आले ना पक्षात, इतकी वर्षं वनवास भोगलेल्या म्हाताऱ्या माणसाला एवढं तरी माफ करा. ते म्हणाले, साहेब, कवीला माफ केलं, लीडरला नाही. नौशेरा येईपर्यंत आमचा हाच वाद चालू होता.