जहाजाची वेळ

मलेशियातल्या पेनांगला क्रूझच्या जहाजातून उतरून स्वेटनहॅम धक्क्यातून बाहेर पडलं की समोर येतं ते एक वाकडं घड्याळ. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली म्हणून चिआ चेन योक या तिथल्या धनिकाने ६० फुटी मनोरा बांधून दिला, वर्षाला एक फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या हादऱ्यांनी तो कलला, असं सांगतात. खाली उभं राहून 'कललाय का खरंच?' यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत होईपर्यंत सहज पंधरा मिनिटं जातात.

जहाजाने बंदरात आखलेल्या सहलींच्या जागा भरल्या की (किंवा दर पाहून आपणच मुकाट परत फिरलो की) असा मोकळा दिवस पदरात पडतो. मोकळा म्हणजे जायचं कुठे ते ठरलेलं नाही. परतायचं कधी, ते मात्र ठरलेलंच. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. आपापलं फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही.

त्यात जहाज पाळतं स्वतःचीच वेळ. सिंगापूरहून पेनांग, फुकेत करत जाणारं जहाज पुष्कळदा शेवटपर्यंत सिंगापूरच्या घड्याळावर चालतं. पेनांगला काही बिघडत नाही, दोन्हीकडे एकच वेळ. थायलंडमधलं फुकेत नकाशात जवळजवळ पेनांगच्याच रेखांशावर, पण वेळ एक तास मागे. तिथे फोन किनाऱ्याचा टॉवर पकडतो आणि गुपचूप तासभर मागे जातो. फोनवर साडेतीन पाहून निवांत शहाळं पिणाऱ्याच्या जहाजावर तेव्हा साडेचार वाजलेले असतात. म्हणून हातात साधं मनगटी घड्याळ असावं, जहाजाच्या वेळेला लावलेलं. स्मार्टवॉच नको, ते फोनचंच ऐकतं.

१ जानेवारी १९८२ला द्वीपकल्पी मलेशियाने घड्याळं अर्धा तास पुढे केली. त्यामुळे पेनांगला सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वाच्या सुमारास. आठला उतरलात तर सूर्याच्या हिशेबाने जेमतेम पावणेसात. पायी जे काही बघायचं ते याच वेळात उरकावं. जहाज शहरालाच टेकतं, छोट्या बोटींची भानगड नाही. लिटल इंडिया चालत दहा-पंधरा मिनिटांवर. तिथलं महामरिअम्मन मंदिर १८३३चं. पाण्यात खांबांवर उभी चिनी कुळांची वस्ती, च्यू जेटी, त्याहून थोडी लांब. दुकानांपुढच्या पडव्यांतून ऊन चुकवता येतं, पण दर दुकानाची फरशी वेगळ्या उंचीवर, मध्येच पायरी, मध्येच आडवी लावलेली मोटारसायकल. बाबागाडी तिथे खांद्यावर घ्यावी लागते. दुखऱ्या गुडघ्यांसाठी जुन्या शहरात फिरणारी फुकट कॅट बस आहे.

आर्मेनियन स्ट्रीटवरच्या भिंतीवर २०१२ साली रंगवलेली सायकलवरची दोन मुलं आहेत. सायकल खरी, मुलं चित्रातली. फोटोसाठी रांग असते आणि आपल्या घरातल्या प्रत्येकाला तो फोटो स्वतंत्र हवा असतो. एसटी दहा मिनिटं थांबली की जो एक जण हमखास चहाला जाऊन गायब होतो, तो इथेही असतोच. त्याच्याकडे जहाजाच्या रोजच्या पत्रकाचा फोटो द्यावा, त्यावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. पासपोर्ट पुष्कळदा जहाजानेच ठेवून घेतलेले असतात, तेव्हा प्रत्येकाच्या खिशात त्याची झेरॉक्स हवी. टॅक्सीचं ग्रॅब ॲप भारतातच चालू करून घ्यावं, ओटीपीची कटकट तिथे नको. आणि जहाज सुटायच्या आधी फोन विमान मोडवर. नाहीतर समुद्रात तो जहाजाचं महागडं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

पेनांग हिलचा मोह होतो. वर जाणारी दोरखंडाची रेल्वे सुरेख आहे, पण खालचं स्थानक एअर इताम भागात. रस्ता मोकळा असेल तर अर्धा तास, वर रांग. सुट्टीच्या दिवशी रांग कितीही लांबते. साडेचारला शेवटचं बोलावणं असेल तर साडेतीनला धक्क्यावर, म्हणजे तीनला उठायचं, म्हणजे दीडला जेवण मागवलेलं असायला हवं. या हिशेबात हिल बसत नाही. मी म्हणेन, चेंडोल खा. वाडग्यात पांदानच्या पानांची हिरवी, तांदळाच्या पिठाची मऊ शेव, राजम्यासारखे दाणे, वर किसलेला बर्फ, नारळाचं दूध आणि ताडगुळाचा काळसर पाक. पाक तळाशी उतरायच्या आत ढवळावं, नाहीतर पहिले चार घास फिके आणि शेवटचा एकदम गोड. कोकणातल्या माणसाला यात नवं काय, असं वाटतं. तरी दुसरा वाडगा येतोच. सुट्टे रिंगिट जवळ ठेवा, गाडीवर कार्ड चालेलच असं नाही. डुरियन हे उग्र वासाचं फळ मात्र तिथेच संपवा, बहुतेक जहाजांवर त्याला बंदी असते.

एवढं जहाजाच्या वेळेचं पुराण सांगितलं, पण आजींच्या मनगटावर भारताचीच वेळ असते. सकाळी आठची बीपीची गोळी त्या पेनांगच्या साडेदहाला घेतात, अगदी भर रस्त्यात पर्स उघडून. त्याला कोण काय करणार.