न बघता एसी आणि स्टीरिओ : तिसऱ्या महिन्याचा प्रोग्रेस

मागच्या महिन्यात आकडा १४ पैकी ६ वर अडकला होता, आज ११ झाला, म्हणून हातातलं बाकी सगळं ठेवून लगेच लिहायला बसलोय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. गाडी जुनी आहे, एसी मॅन्युअल, तीन गोल नॉबचा (ब्लोअर म्हणजे पंख्याचा स्पीड, टेम्परेचर, आणि मोड म्हणजे हवा कुठे सोडायची), स्टीरिओ नंतर बसवलेला डबल डिन, म्हणजे दुप्पट उंचीचा, टचस्क्रीनवाला. ध्येय एकच, गाडी चालवताना एसी आणि स्टीरिओची जी १४ कामं रोज लागतात ती नजर रस्त्यावरून न हलवता हाताला जमली पाहिजेत. ब्लोअर कमी-जास्त, हवा काचेवर, हवा पायावर, रिसर्क्युलेशन (गाडीतलीच हवा फिरवत ठेवणं), व्हॉल्यूम, म्यूट, पुढचं स्टेशन वगैरे वगैरे. टेस्ट नेहमी उभ्या गाडीत, मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून आणि डोळे मिटून. ताई शेजारी बसते आणि यादीतलं कुठलंही काम मध्येच सांगते, ते ३ सेकंदांत आणि पहिल्याच फटक्यात झालं तरच मोजायचं, हात चाचपडला की शून्य.

एवढा अट्टहास कशासाठी असं बऱ्याच जणांनी विचारलं. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. अमेरिकेतल्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये गाडीतल्या स्क्रीन आणि बटणांसाठी गाइडलाइन्स काढल्या, त्यात एका वेळी नजर २ सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि अख्ख्या कामात मिळून १२ सेकंदांच्या वर जाऊ नये असं धरलंय. आता २ सेकंद म्हणजे ६० च्या स्पीडला ३३ मीटर, आणि तेवढ्या अंतरात पुढचा ब्रेक मारतो, कोणीतरी रस्ता ओलांडतं, काहीही होतं. मला तेवढे मीटर पण द्यायचे नाहीत.

या महिन्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. नजर खाली जाते ती सवयीने जात नाही, हाताचा त्या नॉबवर विश्वास नसतो म्हणून जाते. नॉब फिरवला आणि जे व्हायला पाहिजे ते झालं नाही की आपण बघतोच. पहिले दोन महिने मी नुसती प्रॅक्टिस करत बसलो आणि आकडा हलेना, या महिन्यात प्रॅक्टिस कमी केली आणि नॉबच दुरुस्त करायला घेतले.

सुरुवात व्हॉल्यूमपासून. कमी करायला फिरवला की कधीकधी आवाज एकदम ४-५ ने वाढायचा, मग दचकून स्क्रीनवरचा आकडा बघायचा. मला वाटलं स्टीरिओचं बोर्ड गेलं. तसं नव्हतं. आजकालच्या स्टीरिओत व्हॉल्यूमला जुन्यासारखा पोटेन्शिओमीटर (ठरावीक टोकापर्यंतच फिरणारा रेझिस्टर) नसतो, एन्कोडर असतो, तो गोल गोल कितीही फिरतो, त्याला शेवट नाही. त्याला तीन पाय, मधला कॉमन आणि बाजूचे दोन कॉन्टॅक्ट. फिरवताना हे दोन कॉन्टॅक्ट एकामागून एक जुळतात आणि कुठला आधी जुळला त्यावरून स्टीरिओला कळतं की आपण उजवीकडे फिरवतोय की डावीकडे. आत मळ बसला, ग्रीस सुकलं, की एखादा कॉन्टॅक्ट जुळायचा चुकतो आणि स्टीरिओला दिशाच उलटी वाटते. मल्टीमीटर कंटिन्यूइटीवर (जोड जुळला की बीप वाजतो तो मोड) लावून नॉब एकेक खाच फिरवत गेलो तर एका पायाचा बीप दर तिसऱ्या-चौथ्या खाचेला गायब, दुसऱ्याचा मात्र एकही चुकत नव्हता, तिथेच उत्तर मिळालं.

साफ करायचं कसं ते नीट सांगतो कारण इथे चूक होते. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, स्टीरिओ बाहेर घेतला, नॉब सरळ ओढला तर निघाला, आतला दांडा डी आकाराचा असतो त्यामुळे परत बसवताना सपाट बाजू जुळवूनच दाबायचा, जोर करायचा नाही. एन्कोडरच्या धातूच्या टोपीला कडेला बारीक फट दिसते, तिथून कॉन्टॅक्ट क्लीनरचे (इलेक्ट्रिकचे जोड साफ करायचा स्प्रे) दोनच फवारे मारायचे आणि दांडा दोन्ही बाजूंना ४०-५० वेळा फिरवायचा, मग थांबून परत एकदा. घरातलं गंज सोडवायचं तेल मारू नका प्लीज, ते आत थर सोडून जातं आणि त्यावर धूळ आणखी चिकटते. अर्धा दिवस सुकू दिलं आणि मगच पॉवर दिली. आता एक खाच म्हणजे एक आकडा, कान आणि बोटं दोघांचं एकमत, आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून मी व्हॉल्यूमचा आकडा बघितलेलाच नाही.

पुढचं ब्लोअर. माझा १, २, ३ वर मेलेला आणि फक्त ४ वर सुरू. ही खूण पाठच करून ठेवा, सगळ्यात वरचा स्पीड चालतो आणि खालचे नाहीत म्हणजे मोटर ठीक आहे, ब्लोअरचा रेझिस्टर गेलाय. खालच्या स्पीडना करंट रेझिस्टरमधून जातो, ४ ला त्याला वळसा घालून थेट मोटरला. माझ्या गाडीत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि तीच हवा त्याला थंड ठेवते. काढून बघितला तर वरचा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की तुटणारा) उडालेला. पण नुसता रेझिस्टर बदलून थांबू नका, तो का तापला ते बघा. माझा केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा, पानं आणि धुळीने इतका गच्च भरला होता की हवाच जात नव्हती, हवा नाही तर रेझिस्टरला गारवा नाही. नवीन फिल्टर टाकला, त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवला, मोटर हाताने फिरवून बघितली की कुठे अडकत नाही ना, मग नवा रेझिस्टर.

याचा फायदा स्टीरिओला झाला हे मला नंतर कळलं. ब्लोअर कायम ४ वर म्हणजे नुसता घोंघाट, त्यावर मात करायला व्हॉल्यूम २२ वर, मग कोणी बोललं की म्यूट, मग परत वाढवा, सारखा हात तिकडे. आता ब्लोअर २ वर असतो आणि व्हॉल्यूम १४-१५ ला पुरतो. एसी आणि ऑडिओ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, कान एकच आहेत.

आता या महिन्यातलं सगळ्यात आवडतं काम, टेम्परेचरचा नॉब. तक्रार अशी होती की पूर्ण निळ्यावर ठेवला तरी मधल्या व्हेंटमधून म्हणावी तशी थंड हवा नाही, म्हणून उगाच नॉब इकडे-तिकडे. सगळे म्हणाले गॅस भर. मी आधी नॉबमागची तार बघितली. माझ्यासारख्या मॅन्युअल एसीत हा नॉब कॉम्प्रेसरला काही सांगत नाही. हवा आधी कूलिंग कॉइलवरून थंड होऊन येते आणि मग एक झडप ठरवते की त्यातली किती हवा हीटरच्या गरम कोअरमधून काढायची. नॉब म्हणजे त्या झडपेची तार, बास. झडप पूर्ण मिटली नाही तर थंड केलेल्या हवेत आपणच गरम हवा मिसळत राहतो.

ड्रायव्हरच्या पायाजवळ साइडचं कव्हर काढलं, टॉर्च तोंडात धरला आणि ताईला नॉब फिरवायला सांगितला. झडपेचा पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक छोटा हात हलताना दिसला आणि पूर्ण थंडच्या टोकाला यायच्या आधी साधारण नखाएवढं अंतर ठेवून थांबला. तारेचं बाहेरचं कव्हर ज्या क्लिपमध्ये धरलेलं असतं तिथून ते सरकलं होतं, बाकी काही नाही. नॉब पूर्ण निळ्यावर ठेवायचा, तो हात बोटाने दाबून थंडच्या टोकाला टेकवायचा आणि तसाच धरून कव्हर क्लिपमध्ये परत बसवायचं. पाच मिनिटांचं काम, पण पाठ अर्धा तास वाकडी. आधी मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर १४ डिग्री दाखवत होता, नंतर तशाच दुपारी, रिसर्क्युलेशनवर, ८ डिग्री. गॅसला हात पण लावला नाही.

नॉब खरा झाल्यावर बोटांचं काम सुरू. नॉबवर जी उभी कड असते ती अंगठ्याने वाचायची, घड्याळाच्या काट्यासारखी. टेम्परेचरची कड १२ वर म्हणजे मध्य, मागे बसलेल्या आईचे पाय गार पडायला लागले की १२ च्या जरा पुढे. हात गिअरवरून सरळ वर नेला की पहिला लागतो तो मधला नॉब, तिथून डावा आणि उजवा आपोआप सापडतात. एसी आणि रिसर्क्युलेशनची बटणं मात्र सपाट आणि शेजारी शेजारी, तिथे मी नेहमी फसायचो, म्हणून कपाटाच्या दाराला लावतात ते रबरी ठिपके चिकटवले, एसीवर एक आणि रिसर्क्युलेशनवर दोन. इतका साधा उपाय आणि एका झटक्यात दोन कामं यादीतून गेली.

गेल्या आठवड्यात खरी परीक्षा झाली. संध्याकाळ, धो धो पाऊस, गाडीत चौघं, सगळ्यांचे कपडे ओले, आणि पुढची काच आतून भरायला लागली. हात आपला आपण गेला. रिसर्क्युलेशन बंद म्हणजे बाहेरची हवा, एसी चालू, मोड काचेवर, टेम्परेचर १२ च्या पुढे, ब्लोअर ३. अर्ध्या मिनिटात खालून काच मोकळी व्हायला लागली. पावसात एसी कशाला असं मागून आलंच, तर कारण हे की कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी जमून गाडीखाली गळून जातं, कोरडी झालेली हवा पुढे गरम होते आणि कोरडी गरम हवा काचेवरचं पाणी पटकन उचलते. रिसर्क्युलेशनवर ठेवलं तर चौघांच्या श्वासाचा ओलावा आतच फिरत राहतो. आणि हो, बाहेरून धरलेली वाफ वेगळी. दमट हवेत थंड हवा काचेवर मारत राहिलं की काच गार पडते आणि पाणी बाहेरच्या बाजूने धरतं, तिथे वायपरचा एक हात फिरवायचा आणि थंड हवा काचेवरून दुसरीकडे वळवायची. वायपरने पुसलं गेलं तर बाहेरचं, नाही गेलं तर आतलं, इतकं सोपं आहे ओळखणं.

ऑडिओत एकच मोठं काम केलं. गाणाऱ्याचा आवाज मधोमध येत नव्हता आणि बेस पोकळ, म्हणून मी सारखा बॅलन्स आणि बेसच्या मेनूत शिरायचो, म्हणजे नजर स्क्रीनवर. एकदा सहज बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेला तर बेस उलट भरदार झाला. दोन बाजू एकत्र वाजताना बेस मरतो आणि एकटी वाजताना येतो, याचा अर्थ एका स्पीकरच्या वायरी उलट्या. दोन्ही दारांचे पॅनल काढले, स्पीकरच्या वायरी सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, प्लसला प्लस लागलं की कोन बाहेर येतो, आत गेला तर उलटं. स्पीकर दोन्ही बरोबर, घोटाळा स्टीरिओच्या मागे होता. या हार्नेसमध्ये (स्टीरिओच्या वायरींचा जुडगा) पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि काळी रेघ असलेली ती मायनस. कोणीतरी आधी बसवताना राखाडीच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. बदलल्या आणि आवाज डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसला. इक्वलायझर फ्लॅटवर ठेवला आणि त्या मेनूत परत गेलो नाही.

स्टीअरिंगवरची बटणं चालतात, पण व्हॉल्यूम कमीचं कधीकधी दाद देत नाही. ते मी उघडणार नाही, तिथे एअरबॅग आहे आणि तो माझा प्रांत नाही, माहितगार माणसाकडे देणार.

राहिली तीन कामं. सोर्स बदलणं आणि म्यूट ही दोन्ही टचस्क्रीनवर आहेत, सपाट काचेवर अंगठ्याला धरायला काहीच नाही, स्क्रीनच्या कडेला ठिपका लावून तिथून बोट मोजायचा प्रयत्न चालू आहे, १० पैकी ४ वेळा लागतं. तिसरं म्हणजे मोडच्या नॉबवरची पाय आणि काच यांच्यामधली जागा. बाकी चार जागांना खटका स्पष्ट लागतो, इथला झिजलाय, नॉब नुसता घसरत पुढे जातो. येत्या रविवारी पॅनल परत काढून हा नॉब आतून बघणार आहे. कोणी उघडला असेल तर एवढंच सांगा, मागचं झाकण काढताना आतली स्प्रिंग उडते का, आणि उडत असेल तर कुठल्या बाजूने दाबून धरायची.