पुसलेला कोड परत का येतो?

प्रश्न थोड्याफार फरकाने नेहमी सारखाच असतो. व्हॅन जुनी आहे, पण चालायला तक्रार नाही. चेक इंजिनचा दिवा मात्र अधूनमधून लागतो, गॅरेजमध्ये कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) पुसून घेतला की आठ-दहा दिवस सगळे सुरळीत असते आणि मग एके सकाळी तो पुन्हा हजर होतो. मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, बदलायला सांगतो आहे, तर बदलू का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण याच प्रश्नापायी मी स्वतः दोन धडधाकट सेन्सर काढून टाकले आहेत, आणि त्यानंतरही दिवा लागला तेव्हा कुठे माझे डोके ठिकाणावर आले.

तुमच्या प्रश्नात मला सर्वांत उपयोगी वाटतात ते ‘आठ-दहा दिवस’ हे शब्द. कोड पुसला म्हणजे केवळ दिवा विझवला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात बिघाड नोंदला गेला त्या क्षणाची माहितीही त्याबरोबर पुसली जाते, गाडीने आपल्या निरनिराळ्या भागांच्या केलेल्या तपासण्या पुन्हा ‘अपूर्ण’ ठरतात, आणि बहुतेक गाड्यांत इंधनाच्या मिश्रणात हळूहळू शिकून केलेली दुरुस्तीही शून्यावर येते. मग संगणकाला सारे पहिल्यापासून शिकावे लागते. त्यातच उत्सर्जनाशी संबंधित बहुतेक बिघाडांचा नियम असा आहे की पहिल्या फेरीत शंका आली तर ती प्रलंबित कोड म्हणून नुसती टिपून ठेवायची, आणि पुढच्या फेरीतही तेच आढळले तरच दिवा लावायचा. (फेरी म्हणजे इंजिन सुरू करून, ती विशिष्ट तपासणी होण्याइतकी गाडी चालवून, ते बंद करणे.) म्हणजे त्या आठ-दहा दिवसांत गाडी बरी झालेली नसते, ती आधीच काढलेला निष्कर्ष नव्याने काढत असते. उलट दिशेनेही हाच सावकाशपणा आहे. दोष खरोखर गेला तर साधारणपणे सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, पण कोडची नोंद मात्र इंजिन सुमारे ४० वेळा गार होऊन पुन्हा तापेपर्यंत राहते.

म्हणून माझी पहिली विनंती एवढीच की पुसण्याआधी वाचा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल मोटारींना ओबीडी-२ पद्धतीची निदानव्यवस्था सक्तीची झाली, आणि त्यामुळे डॅशबोर्डखाली, चालकाच्या गुडघ्याच्या आसपास असलेले १६ पिनांचे सॉकेट सगळीकडे एकाच आकाराचे असते. त्यात बसणारे उपकरण घेताना केवळ कोड दाखवून पुसणारे घेऊ नका. चालू आकडे दाखवणारे आणि फ्रीझ फ्रेम वाचणारे घ्या. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, वेग किती होता, कूलंटचे तापमान किती, इंजिनावरचा भार किती, मिश्रणाची दुरुस्ती किती टक्के, याची गोठवलेली नोंद. माझ्या मते निदानाचे निम्मे काम या एका पानावर होते, आणि गॅरेजमध्ये पहिल्या मिनिटात पुसले जाते ते नेमके हेच पान.

आता कोडविषयी. पी०१७१ हा कोड ‘सेन्सर बिघडला’ असे कुठेही म्हणत नाही. तो म्हणतो की पहिल्या बँकेतले, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेतले, मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. ही बातमी संगणकाला ऑक्सिजन सेन्सरकडून मिळते, आणि म्हणून बिचारा सेन्सरच बदलला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. सेन्सरच्या तापकाच्या बिघाडाला स्वतंत्र कोड आहेत, त्याचा प्रतिसाद मंदावला तर त्यालाही आहेत. ते आले असतील तर सेन्सरचा विचार अवश्य करावा.

माझ्या व्हॅनचे इंजिन व्ही-६ आहे आणि ते आडवे बसवलेले आहे. अशा इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगा असतात, आणि पहिल्या क्रमांकाचा सिलिंडर ज्या रांगेत असेल तिला पहिली बँक म्हणतात. माझ्याकडे पी०१७१ आणि पी०१७४, म्हणजे दोन्ही बँकांत लीन मिश्रणाची तक्रार सांगणारे कोड, कायम जोडीने येत. मेकॅनिकने दोन्ही बँकांचे पुढचे (इंजिनाला जवळचे) ऑक्सिजन सेन्सर बदलले आणि नऊ दिवसांनी दिवा परत लागला. खरे तर इथेच थांबून विचार करायला हवा होता. वेगवेगळ्या पाइपांवर बसलेले दोन सेन्सर एकाच आठवड्यात, एकाच दिशेने चुकीचे सांगू लागतील, ही शक्यता किती? दोघेही एकच गोष्ट सांगत असतील तर ते खरे सांगत आहेत असे आधी धरावे, आणि दोन्ही बँकांना सामाईक असे काय आहे ते शोधावे. हवा मोजणारा सेन्सर सामाईक असतो, इंधनाचा पंप सामाईक असतो, आणि थ्रॉटलपासून (आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपासून) मॅनिफोल्डपर्यंतचा (ती हवा सिलिंडरांना वाटून देणाऱ्या भागापर्यंतचा) मार्गही सामाईक असतो. कोड एकाच बँकेचा असता, तर त्या बाजूचे मॅनिफोल्ड गॅस्केट, सेन्सरच्या आधी असलेली एक्झॉस्टची गळती, किंवा मग खुद्द सेन्सर, असा शोध वेगळ्या वाटेने गेला असता.

या तीन सामाईक संशयितांतून एक निवडायला काहीही उघडावे लागत नाही. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, तो आकडा म्हणजे फ्यूएल ट्रिम. एक क्षणोक्षणी बदलणारा अल्पकालीन आणि दुसरा सवयीने जमलेला दीर्घकालीन. दोघांची बेरीज शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असेल तर सामान्यतः काळजी नसते. ती अधिक वीस-पंचवीसच्या पुढे गेली की संगणक हात टेकतो आणि कोड नोंदवतो, नेमकी मर्यादा प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते. माझ्या फ्रीझ फ्रेममध्ये वेग शून्य, फेरे मिनिटाला ६९०, कूलंट ८६ अंश, दीर्घकालीन ट्रिम अधिक २३ आणि अल्पकालीन अधिक ८ होता. म्हणजे गाडी तापलेली, उभी, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू). मग मी उभ्या गाडीतच फेरे २५०० वर नेऊन धरले, आणि बेरीज घसरत घसरत पाचावर आली.

हा फरकच उत्तर आहे. आयडलवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये निर्वात सर्वांत जास्त असतो आणि इंजिनाला लागणारी हवा अगदी थोडी असते. अशा वेळी एखाद्या भेगेतून शिरणारी चोरटी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. फेरे वाढले की एकूण हवा कितीतरी वाढते, आणि तीच गळती तिच्यात नगण्य होऊन जाते. हवा मोजणारा सेन्सर मळलेला असता किंवा पंप थकलेला असता, तर चित्र उलटे दिसले असते: आयडलवर बरे, आणि चढावर, वेगात, भार पडला की ट्रिम वाढत गेलेला. (ज्या इंजिनांत हवा थेट मोजली जात नाही, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून काढली जाते, त्यांत हे गणित असेच्या असे लागू पडत नाही, एवढे ध्यानात ठेवा.)

गळती आहे हे कळले, तरी ती कुठे आहे ते शोधायला माझे दोन रविवार गेले. भेगेवर ज्वलनशील फवारा मारून इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐकण्याची रीत सर्रास चालते. तापलेल्या इंजिनावर मला ती नको वाटते. मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणे सर्वांत चांगले, पण ते यंत्र माझ्याकडे नव्हते. शेवटी मुलीला चालकाच्या जागेवर बसवले, अल्पकालीन ट्रिमचा आकडा मोठ्याने वाचायला सांगितले, आणि पंख्यापासून हात आणि बाही दूर ठेवून एकेक रबरी नळी दाबत गेलो. पुढच्या बाजूच्या सगळ्या नळ्या झाल्या, आकडा हलला नाही. मग इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्याला लागून असलेल्या अंधाऱ्या फटीत हात घातला. तिथे क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या पीसीव्ही झडपेची नळी कोपरासारखी वळते. तो कोपरा बोटांना चिकट लागला, तेल पिऊन फुगलेला, पिकल्या फळासारखा मऊ. तो चिमटीत दाबला मात्र, आणि इतका वेळ पंख्याच्या आवाजात बुडालेला एक बारीक फुत्कार थांबला. आतून आवाज आला, ‘बाबा, अकरा... सात... दोन!’ सोडल्यावर आकडा पुन्हा चढला. नळी काढून हातात घेतली तेव्हा वरून ती अगदी शाबूत दिसत होती; खालच्या बाजूने वाकवल्यावर नखाएवढी भेग उघडली.

प्रत्येक व्हॅनमध्ये हीच नळी फाटते असे अर्थातच नाही. पण आडव्या व्ही-६ इंजिनात मागची बाजू हा एकूणच दुर्लक्षित प्रदेश असतो. मिसफायरचे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसल्याचे, कोड येत असतील, म्हणजे पी०३०० किंवा पी०३०१ ते पी०३०६, तर पहिला प्रश्न विचारावा की मागच्या तीन सिलिंडरांचे स्पार्क प्लग शेवटचे कधी बदलले. पुष्कळ गाड्यांत तिथे पोहोचण्यासाठी मॅनिफोल्डचा वरचा भाग उतरवावा लागतो, आणि त्या कंटाळ्यापायी पुढचे तीनच बदलून सहाची नोंद झालेली मी पाहिली आहे. एकाच सिलिंडरचा कोड येत असेल आणि प्रत्येक सिलिंडरला (प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणारी) स्वतंत्र कॉइल असेल, तर ती कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. कोड तिच्यामागोमाग गेला तर दोष कॉइलचा. जागच्या जागी राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहावे. मात्र दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर हे सगळे प्रयोग नंतरचे. न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जाळण्याइतका तो मिसफायर गंभीर असतो, तेव्हा ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी उभी करावी.

काही कोड आठ-दहा दिवसांनी नव्हे, महिन्या-दीड महिन्याने परततात, आणि त्याचे कारणही तपासणीच्या अटींत असते. इंधनाच्या वाफेच्या गळतीचा पी०४५६ हा असाच एक. गाडी जवळपास अर्धा मिलिमीटर व्यासाच्या छिद्राइतकी गळतीही शोधते, पण ती तपासणी इंजिन गार असेल आणि टाकी ना फार भरलेली ना फार रिकामी असेल तेव्हाच होते. टाकी नेहमी काठोकाठ भरणाऱ्याला हा दिवा उशिरा दिसणारच. झाकणाचे रबर आधी पाहावे, कारण ते सर्वांत सोपे. पण नवे झाकण लावून कोड पुसला आणि आठवडाभर दिवा लागला नाही, एवढ्यावरून झाकण दोषी ठरत नाही, कारण त्या आठवड्यात कदाचित तपासणी झालेलीच नसते. स्कॅनरवर ती तपासणी ‘पूर्ण’ दिसायला हवी.

कन्व्हर्टर नीट काम करत नाही असे सांगणाऱ्या पी०४२० ने लोक सर्वांत जास्त घाबरतात, कारण तो महाग भाग. त्यामागचे तत्त्व साधे आहे. नेहमीच्या पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट यांमध्ये सतत झोके घेतो आणि कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्या, कन्व्हर्टरनंतरच्या, सेन्सरचा बराचसा स्थिर राहतो. मागचाही झोके घेऊ लागला तर संशय कन्व्हर्टरवर जातो. पण जुना मिसफायर, जळणारे तेल किंवा सेन्सरजवळची एक्झॉस्ट गळती आधी तपासली नाही, तर एक तर नव्या कन्व्हर्टरचीही तीच गत होते किंवा चांगला कन्व्हर्टर फुकट जातो.

माझ्या व्हॅनमध्ये नवी नळी बसवल्यावर मी आकडे लिहून घेतले आणि मगच कोड पुसला. पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी आयडलवरची बेरीज पाहत होतो. ती तीन-चारच्या पुढे गेली नाही, आणि प्रलंबित कोडांची यादीही रिकामी राहिली. दिव्याकडे मी फारसे पाहत नव्हतो, कारण तो सर्वांत शेवटी बोलतो.

तेव्हा सेन्सर बदलू का, या तुमच्या प्रश्नाला आज मी हो किंवा नाही म्हणणार नाही. कोड पुसून आलाच असाल तर दिवा पुन्हा लागेपर्यंत थांबा, आणि लागला की गॅरेजला जाण्याआधी मला इतके कळवा: कोड कोणता, तो एका बँकेचा की दोन्ही, फ्रीझ फ्रेममधले वेग, फेरे आणि तापमान, आणि आयडलवर व २५०० फेऱ्यांवर ट्रिमची बेरीज किती.