आमची वाटचाल : उघडून बघितल्याशिवाय भाव नाही

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात २००८ साली आम्ही शटर उघडलं, तेव्हा आमच्याकडे एक हायड्रॉलिक प्रेस, एक डायल गेज आणि वडिलांचा बेअरिंग पुलर एवढंच होतं. वडिलांनी लेथवर आयुष्य काढलं. कामं यायची ती वडापच्या जीपांची. सहाच्या जागी चौदा माणसं बसवून घाट चढणाऱ्या गाडीचा डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा (आमच्या भाषेत डिफ), किती सोसतो, हे त्या जीपांनीच आम्हाला शिकवलं.

स्पोर्ट्स कार आली ती २०१५ साली. सांगलीच्या एका डॉक्टरांनी मुंबईहून सेकंडहँड घेतलेली, दोन सीटची, उघड्या टपाची जर्मन गाडी. आंबोली घाट उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून घूंऽऽ असा आवाज यायचा. सर्व्हिस सेंटरनं डिफची अख्खी असेंब्ली बदलायला सांगितली होती. चार लाख साठ हजार, मजुरी वेगळी. डॉक्टर म्हणाले, "गाडीच अकरा लाखांची आहे हो. काहीतरी मार्ग काढा."

आम्ही कुर्ल्याच्या बाजारातून अपघातातल्या गाडीचं डिफ युनिट आणलं, पंच्याण्णव हजारांना. बाहेरून स्वच्छ, हातानं फिरवलं तर मऊ. न उघडता बसवलं. दोन आठवड्यांत गाडी परत दारात. आवाज होताच, वर शेवटच्या गिअरमध्ये इंजिन पूर्वीपेक्षा जास्त फिरत होतं. युनिट त्याच मॉडेलचं, पण रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला आतला गिअर किती फिरतो ते प्रमाण, वेगळा. चाकांकडच्या दोन्ही बाजूचे फ्लँज (शाफ्ट जोडायच्या चकत्या) एकदम एक फेरा फिरवून पिनियनचे, म्हणजे इंजिनाकडच्या छोट्या गिअरचे, फेरे मोजले असते, तर पाच मिनिटांत कळलं असतं. ते आम्ही केलं नव्हतं. पंच्याण्णव हजार डॉक्टरांना परत दिले. त्या महिन्यात गाळ्याचं भाडं बायकोच्या भिशीतून भरलं.

मग त्यांचा मूळ डिफ उघडला. क्राउन (पिनियननं फिरणारा मोठा गिअर) आणि पिनियन, दोन्हीचे दात ठणठणीत होते! पिनियनच्या एका बेअरिंगला खड्डे पडले होते, बस्स. ऑइल पहिल्या दिवसापासून कुणी बदललं नसावं, डांबरासारखं झालं होतं. चार बेअरिंग, तीन सील, नवी क्रश स्लीव्ह (पिनियनवरची दबणारी नळी), नट, ऑइल, मागचे रबरी बुश आणि मजुरी धरून सगळं बिल एकाहत्तर हजारांत बसलं.

यात मजुरी मोठी का, हे गिऱ्हाइकांना मी टेबलाशी उभं करून दाखवतो. पिनियनचा नट आवळताना आतली स्लीव्ह दबत जाते आणि बेअरिंगवर ताण येतो. तो ताण केसभर जास्त झाला, तर नट सैल करून भागत नाही. नवी स्लीव्ह घालून पहिल्यापासून सुरुवात. मग क्राउनच्या दातांना रंग लावून फिरवायचं आणि छाप बघायची. छाप दाताच्या टोकाला किंवा बुडाला सरकली, तर शिम (जाडी जुळवणारी पातळ चकती) बदलायची, पुन्हा जोडायचं, पुन्हा बघायचं. आमचे मिस्त्रीमामा छाप मनासारखी येईपर्यंत जेवायला उठत नाहीत. एकदा सात वेळा खोललं होतं.

त्या गाडीनंतर आम्ही नियमच केला. उघडून बघितल्याशिवाय भाव सांगायचा नाही. आवाजावरून अंदाज येतो. गिअर टाकताना 'ठक्' झालं, तर आधी बुश आणि जॉइंट तपासायचे. डिफला हात नंतर. पण अंदाज म्हणजे कोटेशन नव्हे.

इंटरनेटवर इंग्लंडमधल्या जुन्या युनिटची किंमत बघून पुष्कळ जण फोन करतात. जुने भाग परदेशातून आणायला सरकारी परवाना लागतो. नवं मागवलं तर वाहतूक, सीमाशुल्क आणि त्यावर जीएसटी. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा मोठा दिलासा, तरी दात शाबूत असतील तर दुरुस्तीच परवडते. दात गेले असतील, तर मात्र मी स्वतः सांगतो, पैसे साठवा आणि युनिट बदला. त्यात काटकसर धोक्याची आहे.

भाचा न्यू जर्सीत आहे. त्यानं १९९२ची माझदा एमएक्स-५ ही स्पोर्ट्स कार घेतली आणि "मामा, १.८ वाल्याचा डिफ बसेल का?" म्हणून विचारलं. १.६ लिटर इंजिनच्या गाडीला सहा इंची क्राउन, १९९४ पासूनच्या १.८ ला सात इंची. बसतो, पण नुसता डिफ घेऊन भागत नाही. गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि चाकांकडे जाणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्टही सोबत घ्यावे लागतात. त्यानं तुकड्यातुकड्यानं न घेता एकाच गाडीचा पूर्ण सेट शोधला.

आज आम्ही सहा जण आहोत, गाळा स्वतःचा झालाय. डॉक्टरांची गाडी अजून येते. परवा ऑइल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर नुसती करडी, मऊ पूड होती. कीस नव्हता, म्हणजे आत दात शाबूत. मिस्त्रीमामांनी ती बोटावर घेऊन डॉक्टरांना दाखवली.