नाशिकच्या ट्रामला डिझेल इंजिन मिळालं असतं तर

टेबलावर आत्ता जे डिझेल इंजिन उभंय तसं खरं इंजिन कुठेच कधी बनलं नाही, त्यामुळे "हे कुठलं मॉडेल?" असं कोणी विचारलं की मला जरा लांबून सांगावं लागतं. आपल्या नाशकात ट्राम होती. बऱ्याच नाशिककरांना अजून हे ऐकून आश्चर्य वाटतं म्हणून सांगतो, १८८९ मध्ये सुरू झाली, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत जायची, घोडे ओढायचे, आणि रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. १९३० नंतर दोन-तीन वर्षांतच ती तोट्यात जाऊन बंद पडली. माझं इंजिन या ट्रामचं आहे. म्हणजे ती बंद न पडता चालत राहिली असती, आणि १९५० च्या दशकात माथेरानला आणि काल्का-सिमल्याला जशी जर्मनीच्या युंग कंपनीची डिझेल इंजिनं आली तसं एखादं नाशकातही आलं असतं, तर ते कसं असतं? ते मी बनवलंय, पहिल्या पत्र्यापासून स्वतः, तयार किट वगैरे काही नाही.

आता कोणी म्हणेल की कल्पनेतलंच इंजिन आहे तर काय, वाट्टेल तसं बनवा. मला हे अजिबात पटत नाही. उलट खऱ्या इंजिनाची प्रतिकृती करताना सगळे निर्णय कोणीतरी आधीच घेतलेले असतात, तुम्ही फक्त मोजायचं आणि कापायचं, पण कल्पनेतल्या इंजिनाचा प्रत्येक मिलिमीटर का तेवढाच आहे याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. आणि ते उत्तर नसेल ना, तर बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं हे नक्की.

सुरुवात मी वजनापासून केली. नाशिक ट्रामचे सल्लागार इंजिनियर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा माणूस १८८२ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला भारतात आला, पुढे त्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली जी १८९७ ला सुरू झाली, माथेरानच्या वाफेच्या इंजिनांचं डिझाइनसुद्धा त्याचंच. (आणि नंतर त्याने विमानातून उडी मारायचं पॅराशूट पण बनवलं, पण ते राहू दे.) बार्शीला त्याचं म्हणणं असं होतं की इंजिन असो, डबा असो की वॅगन, दोन चाकं जोडणाऱ्या कुठल्याच अ‍ॅक्सलवर पाच टनांच्या वर भार नको, मग वाराला ३० पौंडांचे हलके रूळ पुरतात आणि लाइन स्वस्तात होते. हा नियम मी माझ्या इंजिनाला लावला. चार अ‍ॅक्सल म्हणजे २० टन. २० टनाचं, दोन बोगींचं (बोगी म्हणजे इथे डबा नाही, खालचा चार चाकांचा फिरता सांगाडा), मधे केबिन आणि दोन्ही बाजूंना बुटकं बॉनेट असलेलं इंजिन. केबिन मधे का, तर ट्राम शहरातून जाणार, शेवटच्या स्टेशनवर इंजिन फिरवायला टर्नटेबल ठेवायला जागा कुठून आणणार, म्हणून ड्रायव्हरला दोन्हीकडे सारखंच दिसलं पाहिजे. बॉनेट बुटकं का, तर समोर रस्त्यावर माणसं, टांगे, सायकली.

स्केल घेतलं १:४८. यात पाव इंचाला एक फूट पडतो त्यामुळे डोक्यात हिशोब पटापट होतात, ६.३५ मिमी म्हणजे एक फूट. या हिशोबाने अडीच फुटाचा गेज १५.९ मिमी येतो, आणि बाजारात सगळीकडे मिळणारा एचओ या मॉडेल स्केलचा ट्रॅक १६.५ मिमीचा असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडासा जास्त फरक. तो मी मान्य केला कारण ट्रॅक, पॉइंट (रूळ बदलायचे सांधे), चाकं सगळं सहज मिळतं. अजून एक गोष्ट अशी जुळली की मला फार आनंद झाला, ब्रिटिश ओओ स्केलच्या वॅगनची चाकं १२.६ मिमीची येतात, १:४८ मध्ये ती जवळजवळ बरोबर दोन फुटांची होतात, आणि छोट्या नॅरोगेज डिझेलला दोन फुटी चाक एकदम शोभतं. शिवाय त्यांचा अ‍ॅक्सल दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि २६ मिमी लांब, तो चाकांच्या बाहेर फ्रेम ठेवायला पुरतो. नॅरोगेज इंजिनांना फ्रेम बऱ्याचदा चाकांच्या बाहेरच असते, त्यामुळे आपोआप दिसायलाही बरोबर झालं.

आता नॅरोगेजच्या दिसण्यातली खरी मेख सांगतो. आपल्या ब्रॉडगेजच्या इंजिनाची रुंदी रुळांच्या गेजच्या दुपटीच्या आतबाहेर असते. नॅरोगेजला मात्र अडीच फुटी रुळांवर सात फूट रुंद इंजिन बसलेलं असतं, म्हणजे पावणेतीन पट! हेच ते नॅरोगेजचं रूप, अंग रुळांच्या दोन्ही बाजूंना भरपूर बाहेर आलेलं आणि चाकं आत कुठेतरी लपलेली. हे प्रमाण चुकलं की कितीही बारीक काम करा, ब्रॉडगेजचं इंजिन लहान केल्यासारखं दिसतं. मी रुंदी ४४.५ मिमी, लांबी १५२ मिमी, म्हणजे २४ फूट, आणि केबिनच्या छतापर्यंत उंची १० फूट घेतली. पुठ्ठ्याचं कच्चं मॉडेल करून ते बरेच दिवस ट्रॅकवर ठेवलं होतं, येताजाता बघायचो. स्क्रीनवरच्या ड्रॉइंगवर या गोष्टी कळत नाहीत, पुठ्ठ्यावर लगेच कळतात.

पण एवढं रुंद अंग अरुंद रुळांवर म्हणजे वजन खाली हवं, खऱ्यातही आणि मॉडेलमध्येही. म्हणून फूटप्लेट, म्हणजे बॉडीखालचा सपाट तळ, पितळेची केली, दीड मिमी जाड पत्र्याची. नाशकात राहण्याचा हा फायदा आहे, भांडी बाजारात पितळ बघायला मिळतं, सराफ बाजारात सोनारकामाच्या करवतीची केसासारखी बारीक पाती मिळतात, आणि चाकाच्या टर्निंगसारखं काही लागलंच तर सातपूर-अंबडला लेथवाला ओळखीचा निघतोच. १५२ बाय ४४.५ चा तो एकटा पत्राच ८५ ग्रॅमच्या आसपास भरतो. २० टनाला ४८ चा घन, म्हणजे १,१०,५९२ ने भागलं की १८१ ग्रॅम येतात, म्हणजे स्केलप्रमाणे जेवढं वजन हवं त्यातलं जवळपास निम्मं या पत्र्यातच आलं. तरी ओढायला १८१ ग्रॅम कमीच पडतात, म्हणून टायरच्या दुकानात मिळणारी व्हील बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं फ्युएल टँकच्या आत भरली. पाच आणि दहा ग्रॅमचे तुकडे असतात, मागे गम लावलेला असतो, यासाठी याहून सोयीची गोष्ट मला सापडलेली नाही. फ्युएल टँक दोन बोगींच्या मधे अगदी खाली असल्यामुळे इंजिन वळणावर जराही झुकत नाही.

मोटर एन२० गिअरमोटर, म्हणजे गिअर बसवलेली छोटी मोटर, रोबोटिक्सवाली पोरं वापरतात तीच. रुंदी १२ मिमी, आणि चाकांच्या आतल्या कडांमध्ये अंतर साधारण साडेचौदा मिमी, त्यामुळे ती बरोबर चाकांच्या मधे आडवी बसते, बॉनेटमध्ये काहीच घुसवावं लागत नाही. प्रत्येक बोगीत एक, अशा दोन, आतल्या अ‍ॅक्सलला छोट्या बेव्हल गिअरने जोडलेल्या. वेगाचा हिशोब इथे फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लोक तो करतच नाहीत. शहरातली ट्राम ताशी १२ किलोमीटरने चालतेय असं धरलं तर १:४८ मध्ये तो वेग सेकंदाला सात सेंटिमीटर होतो. फक्त सात! १२.६ मिमीच्या चाकाचा घेर ३९.६ मिमी, म्हणजे चाक मिनिटाला साधारण १०५ वेळा फिरलं पाहिजे. म्हणून मी सहा व्होल्टची २०० आरपीएमची मोटर घेतली, अर्ध्या वेगाला ती आरामात चालते आणि अगदी फुल दिलं तरी स्केलमध्ये ताशी २३-२४ च्या वर जातच नाही. खेळण्यातली गाडी आणि मॉडेल यात सगळ्यात मोठा फरक मला विचाराल तर वेगाचा आहे, रंगाचा किंवा डिटेलिंगचा नंतर. करंट आठही चाकांवरून घेतलाय, फॉस्फर ब्रॉन्झच्या पातळ पट्ट्या चाकांच्या मागे टेकवून, कारण एवढ्या हळू चालताना एका चाकाखाली धूळ आली तरी इंजिन थबकतं.

बॉडी स्टायरीनची, म्हणजे प्लास्टिकच्या शीटची. एक मिमीची शीट आतून, त्यावर अर्ध्या मिमीची बाहेरून, दोन्ही लिक्विड सिमेंटने चिकटवलेल्या, खिडकी उघडी ठेवूनच करायचं हे काम. स्टायरीन आरपार कापायचं नाही, धारदार कटरने दोन-तीनदा रेघ ओढायची आणि वाकवायचं, कडा सरळ तुटते.

इथे शेजारच्या काकांचा उल्लेख केलाच पाहिजे. ते नाशिकरोडच्या ट्रॅक्शन मशीन वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आयुष्यभर इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटर्सवर काम केलं. अर्धवट बॉडी त्यांना दाखवायला नेली तर चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, "अरे, दिसतंय छान, पण याला हवा कुठून मिळते?"

मी म्हटलं, "काका, साइडला लूव्हर्स करणारे." (लूव्हर्स म्हणजे हवा जायला तिरक्या पट्ट्यांच्या फटी.)

"साइडचे लूव्हर्स इंजिनच्या हवेला. रेडिएटर कुठंय? पंखा कुठंय? गरम हवा जाते कुठे? आणि धूर ड्रायव्हरच्या तोंडावर सोडतोस का?"

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून कागदावर इंजिनाचं आतलं सगळं मांडलं जे मॉडेलमध्ये कधीच दिसणार नाही. लांब बॉनेटमध्ये डिझेल इंजिन, त्याच्या पुढच्या टोकाला रेडिएटर, वर छतात पंखा, म्हणजे समोर जाळी आणि वर गोल ग्रिल आलं. एक्झॉस्ट केबिनच्या छतापेक्षा वर नेलेला. छोट्या बॉनेटमध्ये कॉम्प्रेसर आणि बॅटऱ्या, म्हणून तिकडे लूव्हर्स कमी आणि झाकणं जास्त. बॉनेटला दारं किती, तर मेकॅनिकचा हात जिथे जिथे पोचायला हवा तेवढी. बोगीवर वाळूचे डबे, चाकाच्या अगदी पुढे नळी, कारण पावसाळ्यात ओल्या रुळांवर वाळू सोडल्याशिवाय पकड येत नाही. आधी मी दोन्ही बॉनेट सारखीच काढली होती, काकांमुळे ती वेगळी झाली आणि तिथेच इंजिनाला चेहरा आला असं मला वाटतं.

लूव्हर्सचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. पाव मिमी जाड स्टायरीनच्या एक मिमी रुंद पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीची एक कड फाइलने तिरकी करायची, आणि खालून वर एकावर एक किंचित चढवत चिकटवायच्या, तिरकी कड खाली. दोन पट्ट्यांमधलं अंतर डोळ्यांच्या अंदाजाने नाही, एक ०.३ मिमीची तार मधे ठेवून, पट्टी टेकवली की तार काढायची, पुढची पट्टी. उजेड बाजूने टाकला की प्रत्येक पट्टीखाली सावलीची बारीक रेघ पडते, नुसत्या कोरलेल्या रेघांना ती सावली येत नाही. रिवेट्स अर्ध्या मिमीच्या शीटवर मागून बोथट सुईने दाबून काढलेत, खाली मऊ रबर शीट आणि बाजूला स्टीलची पट्टी धरून, म्हणजे रांग सरळ येते. हँडरेल अर्ध्या मिमीच्या पितळी तारेचे, सोल्डरचा डाग देऊन.

रंग पाऊस संपल्यावरच दिला, हवेत ओल असली की स्प्रेचा रंग वाळताना पांढुरका पडतो. आधी ग्रे प्रायमर, मग खाली काळा, वर गडद हिरवा, आणि बफर बीम, म्हणजे इंजिनाच्या टोकाची आडवी पट्टी, लाल. हिरवा मुद्दाम मळकट ठेवलाय, जुन्या एसटी डेपोच्या भिंतीसारखा. चिखलाचा तपकिरी हात फक्त खालच्या भागात, आणि डिझेल भरायच्या झाकणाखाली एक चकाकणारा काळा ओघळ, तिथे शेवटी ग्लॉस व्हार्निशचा एक पातळ हात मारलाय, बाकी सगळं मॅट.

आता ते चालतं कसं, तर हळू, अगदी हळू, पहिल्यांदा हलतं तेव्हा चाकांवरचा स्पोक एकेक मोजता येतो. काकांनी कंट्रोलर स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ दिलाच नाही. त्यांचं एक म्हणणं मात्र मी अजून ऐकलेलं नाही, त्यांना हॉर्न हवाय आणि मला घंटा, कारण गर्दीच्या रस्त्यावरच्या ट्रामला घंटाच हवी. बहुतेक दोन्ही लावीन, खऱ्या इंजिनालाही दोन्ही असायला काही हरकत नव्हती.

पुढचं काम डबे. मधोमध एकच बफर आणि त्याखाली हुक असं कपलिंग इंजिनाला लावून ठेवलंय, त्याच उंचीला डब्यांचं येईल. पहिला डबा घोड्यांच्या काळातला करणार, बाजूने उघडा, आडवी बाकं, ताडपत्रीचे पडदे, म्हणजे ट्राम कंपनीने इंजिन नवीन घेतलं पण डबे जुनेच चालवले, आपल्याकडे असंच झालं असतं. बाकांसाठी सागाची पातळ पट्टी आणून ठेवलीय, दिवाळीनंतर सुरू करतो.